मुखसंवेदनावर देहाचा प्रभाव

मनुष्याच्या अंतःकरणाचा ठाव घ्यावयाचा असेल तर त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ‘तोंड उतरले’, ‘चेहरा खुलला’, ‘चेहरा पडला’ हे मराठीतील नित्याचे वाक्प्रयोग याच समजुतीची साक्ष देतात. परंतु याच भाषेत ‘छाती फुगली’, ‘मान खाली गेली’, ‘हातपाय गळाले’, ‘कंबर खचली’ असेही प्रयोग तितकेच रूढ आहेत. म्हणजे भाषेच्या दृष्टीने पाहता भावनेचे वसतिस्थान केवळ मुख नसून सर्व देह होय. मुख आणि देह ही भावप्रकटीकरणाची दोन स्वतंत्र साधने असून पाहणारा ती निरनिराळी वाचतो, की देह पाहिल्यामुळे प्रत्यक्ष चेहराच त्याला वेगळा दिसू लागतो, हा प्रश्न मानसशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. गेल्या काही दशकांतील प्रयोगांनी त्याचे जे उत्तर दिले आहे, ते आपल्या सामान्य समजुतीला धक्का देणारे आहे. आणि त्याचा संबंध केवळ प्रयोगशाळेशी नसून न्यायालयातील साक्षीपर्यंत पोहोचतो. या प्रश्नाचे स्वरूप, त्यावरील प्रमुख प्रयोग व त्यांतून निघणारे निष्कर्ष यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

१. मैदानातील एक उदाहरण

कोल्हापूरच्या वाचकास या प्रश्नाची कल्पना येण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी बांधवून घेतलेले खासबाग मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले. मधोमध कुस्तीचा हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना असल्यामुळे हजारो प्रेक्षकांना मल्लांचा संपूर्ण देह एकाच वेळी दिसतो. चुरशीची कुस्ती चितपट झाली, त्या क्षणाची कल्पना करावी. विजयी मल्ल उसळून उभा राहतो, त्याचे बाहू वर जातात, छाती पुढे येते. पराभूत मल्ल मातीवर पालथा होतो, त्याचे खांदे झुकतात, हात डोक्याकडे जातात. कोण जिंकला व कोण हरला याविषयी शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाच्याही मनात शंका राहत नाही.

आता त्याच क्षणीच्या छायाचित्रातून दोघांची केवळ मुखे कापून घेतली, तर काय दिसेल? डोळे घट्ट मिटलेले, भुवया आक्रसलेल्या, तोंड वासलेले, दात दिसणारे, गालांचे स्नायू ताणलेले. अत्यानंदाच्या भरात मनुष्याचा चेहरा प्रसन्न स्मित धारण करतोच असे नाही. तो पुष्कळदा वेदनेच्या मुद्रेजवळ जाऊन पोहोचतो. दुःखाच्या पराकोटीचेही तसेच. भावना मध्यम असेपर्यंत मुखमुद्रा परस्परांहून स्पष्टपणे भिन्न असतात. भावना टोकास गेली की त्या एकमेकींसारख्या दिसू लागतात. असे असूनही मैदानातील प्रेक्षक ‘विजय त्याच्या चेहऱ्यावर झळकत होता’ असेच सांगेल.

२. टेनिसपटूंच्या छायाचित्रांवरील प्रयोग

कुस्तीच्या मैदानाविषयी येथे जे कल्पिले, तेच टेनिसच्या मैदानाविषयी प्रत्यक्ष प्रयोगाने तपासले गेले आहे. हिलेल अविएझर, याकोव ट्रोप आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह या संशोधकांनी २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. महत्त्वाचा गुण जिंकल्यानंतर किंवा गमावल्यानंतर लगेच घेतलेली व्यावसायिक टेनिसपटूंची छायाचित्रे त्यांनी निवडली. एका गटास मुख व देह असे संपूर्ण चित्र दाखविले, दुसऱ्यास मुख वगळून केवळ देह, आणि तिसऱ्यास केवळ मुख. चित्रातील व्यक्तीची भावना सुखद आहे की दुःखद, हे प्रत्येकाने सांगावयाचे होते.

ज्यांनी संपूर्ण चित्र पाहिले, त्यांना विजय व पराजय यांतील भेद ओळखता आला. ज्यांनी केवळ देह पाहिला, त्यांनाही तो ओळखता आला. परंतु ज्यांच्यासमोर केवळ मुख होते, त्यांना विजयी आणि पराजित असा भेद करता आला नाही. यानंतर संशोधकांनी विजयी खेळाडूचे मुख पराजिताच्या देहावर व पराजिताचे मुख विजयी देहावर बसविले. तेव्हा पाहणाऱ्यांना मुखाच्या भावाचे मोजमाप करण्यास सांगितले असताही त्यांचा निर्णय देहाच्या बाजूने झुकला. एकच मुख एका देहावर आनंदी व दुसऱ्यावर व्यथित ठरले.

या प्रयोगाचा सर्वांत बोधप्रद भाग निराळाच आहे. अशी पारख करताना मुख अधिक उपयोगी पडेल की देह, असे विचारले असता बहुतेकांनी मुखाचीच निवड केली. संपूर्ण चित्र पाहून अचूक उत्तर देणाऱ्यांपैकीही अनेकांचा समज असाच होता की, आपण चेहऱ्यावरून निर्णय केला. ज्या मुखात भेददर्शक असे काही नव्हते, त्यातच त्यांना आनंद किंवा दुःख ‘दिसले’ होते. उत्तर देहाने दिले. श्रेय मात्र मुखाला मिळाले.

३. हे अनुमान की संवेदन?

येथे एक शंका उपस्थित होण्याजोगी आहे. पाहणाऱ्याने आधी चेहरा पाहिला, मग देह पाहिला आणि दोहोंचा विचार करून निष्कर्ष काढला, एवढेच घडले नसेल कशावरून? तसे असेल तर देहाचा प्रभाव हा विचाराच्या पातळीवरील ठरेल. चेहऱ्याच्या संवेदनावर तो होतो असे म्हणता येणार नाही. या शंकेचे निरसन तीन दिशांनी करता येते.

पहिली दिशा कालमापनाची. हॅनके मीरेन, बेआट्रिस द गेल्डर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये भय किंवा क्रोध दर्शविणारी मुखे भय किंवा क्रोध दर्शविणाऱ्या देहांवर बसवून ती चित्रे प्रयुक्तांना अल्पकाळ दाखविली. लक्ष फक्त मुखाकडे द्यावयाचे होते. मुख व देह यांची भावना विसंगत असता मुखाविषयीचा निर्णय देहाकडे ओढला गेला. त्याच वेळी मस्तकावर लावलेल्या विद्युदग्रांनी मेंदूतील विद्युत्क्रियेची नोंद घेतली जात होती. चित्र दिसल्यापासून सुमारे ११५ सहस्रांश सेकंदांतच सुसंगत व विसंगत चित्रांमधील भेद त्या नोंदीत उमटला. विचारपूर्वक अनुमान करण्यास इतका अल्प काळ पुरत नाही. मुख व देह यांचा मेळ मेंदू दृष्टिव्यापाराच्या अगदी आरंभीच घालू लागतो, असा याचा अर्थ होतो.

दुसरी दिशा उत्तरप्रतिमेची. तांबड्या रंगाच्या ठिपक्याकडे बराच वेळ टक लावून नंतर पांढऱ्या कागदाकडे पाहिले तर तेथे हिरवट छटा दिसते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. एका गुणाला सरावलेली दृष्टी पुढील वस्तूत त्याच्या विरुद्ध गुण पाहते. चेहऱ्यांच्या बाबतीतही असे घडते: स्त्रियांचे चेहरे दीर्घकाळ पाहिल्यानंतर स्त्री-पुरुष यांच्या मधला वाटणारा चेहरा पुरुषी भासतो. घुमान, मॅकडॅनियल व मार्टिन यांनी २०१० मध्ये याच पद्धतीचा एक विलक्षण उपयोग केला. त्यांनी प्रयुक्तांना चेहरा नसलेले केवळ देह दाखविले आणि त्यानंतर चेहरे दाखविले. देह पाहून झालेल्या सरावाचा परिणाम नंतरच्या चेहऱ्यांवर झाला. स्त्रीदेह पाहिल्यावर मधला चेहरा पुरुषी आणि पुरुषदेह पाहिल्यावर तोच चेहरा स्त्रीसारखा भासला. व्यक्तीच्या ओळखीबाबतही असाच परिणाम आढळला. सरावाचा काळ वाढला की परिणामही वाढे, म्हणून हा केवळ उत्तर देण्यातील कल नव्हे, हेही सिद्ध झाले. विचारपूर्वक अनुमान केले असते तर उत्तर देहाला अनुकूल असे आले असते. येथे ते प्रतिकूल आले. संवेदनव्यापारातच बदल झाल्याचे हे गमक होय.

तिसरी दिशा मेंदूतील स्थाननिश्चितीची. मेंदूच्या खालच्या पृष्ठभागावर चेहरे पाहताना विशेष क्रियाशील होणारा एक भाग आहे. नॅन्सी कॅन्विशर व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. देह पाहताना क्रियाशील होणारा एक स्वतंत्र भाग पॉल डाउनिंग व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवून दिला. आणि पुढे असे आढळले की, देहास प्रतिसाद देणारा आणखी एक भाग मुखाच्या भागाला अगदी लागूनच, किंबहुना काही अंशी त्यावर पसरलेला आहे. २००४ मध्ये डेव्हिड कॉक्स, एथन मेयर्स व पवन सिन्हा यांनी ओळखू न येण्याइतका अस्पष्ट केलेला चेहरा प्रयुक्तांना दाखविला. तो डाग एकटा असता मुखाच्या भागात विशेष प्रतिसाद उमटला नाही. तोच डाग देहाच्या वर, मस्तकाच्या जागी ठेवताच त्या भागाने खऱ्या चेहऱ्यास द्यावा तसा प्रतिसाद दिला. चेहऱ्याचा तपशील नसतानाही देहाने चेहरा उभा केला, असे म्हणावयास हरकत नाही.

४. प्रभावाच्या मर्यादा

यावरून चेहरा निरर्थक आहे असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चुकीचा होईल. देहाचा प्रभाव सर्वत्र सारखा नसतो, आणि तो केव्हा वाढतो याचा नियमही काही अंशी कळला आहे. अविएझर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये किळस दर्शविणारे एकच मुख निरनिराळ्या देहांवर बसविले. किळस व्यक्त करणाऱ्या देहावर ते मुख बहुतेक सर्वांनी अचूक ओळखले. मूठ उगारलेल्या क्रुद्ध देहावर मात्र तेच मुख बहुतेकांना संतापलेले दिसले. भयभीत देहावर ठेवले असता चूक बरीच कमी झाली. याचे कारण असे की, किळस आणि क्रोध यांच्या मुखमुद्रांत साम्य अधिक, किळस आणि भय यांच्यात कमी. जेथे मुखमुद्रा दोन अर्थांच्या सीमेवर असते, तेथे देह तिला आपल्या बाजूला ओढतो. जेथे ती निःसंदिग्ध असते, तेथे त्याचे फारसे चालत नाही.

याच प्रयोगात नेत्रगतीचीही नोंद घेतली गेली. क्रुद्ध मुख पाहताना दृष्टी डोळ्यांच्या भागाकडे अधिक वळते. किळस आलेल्या मुखाच्या बाबतीत ती मुखाच्या खालच्या भागावरही तितकीच रेंगाळते. किळस दर्शविणारे मुख क्रुद्ध देहावर ठेवले असता पाहणाऱ्यांची दृष्टी क्रुद्ध मुख पाहावे तशी डोळ्यांकडे वळू लागली. म्हणजे चेहऱ्याचा कोणता भाग वाचावयाचा, हेही देहच ठरवू लागतो.

संस्कृतीचाही यात वाटा असावा. ताकाहिको मासुदा व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये असे दाखविले की, चित्रातील मध्यवर्ती व्यक्तीच्या भावनेचा निर्णय करताना जपानी प्रेक्षक तिच्या भोवतालच्या माणसांच्या मुद्रांनी अधिक प्रभावित होतात, पाश्चात्त्य प्रेक्षक त्या मानाने कमी. हा प्रयोग देहाविषयीचा नसून परिसराविषयीचा आहे. तथापि एका समाजातील प्रयुक्तांवरून निघालेला नियम दुसऱ्या समाजास जसाच्या तसा लावू नये, एवढा इशारा त्यातून मिळतो.

५. नाट्य, चित्रपट आणि पूर्वसूरींची जाण

प्रयोगशास्त्राने आज जे सिद्ध केले, त्याची जाण कलावंतांना पूर्वीपासून होती. भरताच्या नाट्यशास्त्रात आंगिक अभिनयाचे शारीर, मुखज आणि चेष्टाकृत असे तीन प्रकार सांगितले आहेत. मस्तक, हात, वक्ष, पार्श्व, कटी व पाय ही सहा अंगे. नेत्र, भुवया, नासिका, अधर, कपोल व हनुवटी ही सहा उपांगे. मुखावरील अवयवांना येथे ‘उपांग’ म्हटले आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मुखाभिनयाचे सूक्ष्म विवेचन करणाऱ्या या ग्रंथाने मुखाला देहापासून तोडून पाहिलेले नाही.

कोल्हापूरच्या कलेच्या इतिहासातही याचे प्रत्यंतर मिळते. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये व ‘सावकारी पाश’ १९२५ मध्ये प्रदर्शित झाला. मूकपटाच्या त्या काळात संवादाची सोय नव्हती. पडद्यावरील लिखित मजकूर सोडल्यास सर्व भार नटाच्या देहावर व मुखावर पडे. ‘सावकारी पाश’मध्ये तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. कर्जाने गांजलेला शेतकरी प्रेक्षकाला पटवावयाचा तर त्याचे खांदे, त्याची चाल, त्याचे बसणे यांनीच ते काम करावयाचे. मग चेहऱ्यावरचे दैन्य प्रेक्षक स्वतःच पाहतो.

याच सुमारास रशियात लेव्ह कुलेशॉव्ह यांनी नट मोझूखिन याची निर्विकार मुद्रा निरनिराळ्या दृश्यांशी जोडून दाखविली व प्रेक्षकांना तीत निरनिराळ्या भावना दिसल्या, अशी प्रसिद्ध कथा आहे. १९९२ मध्ये केलेल्या पुनःप्रयोगात हा परिणाम आढळला नाही. २०१६ मध्ये अधिक काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगात तो काही प्रमाणात आढळला. शेजारच्या दृश्याचा परिणाम असा डळमळीत असताना मुखाला जोडलेल्या देहाचा परिणाम मात्र वारंवार व ठळकपणे आढळतो, ही तुलना उद्बोधक आहे. देह हा चेहऱ्याचा नुसता शेजार नव्हे. पाहणाऱ्याच्या मनात ती दोन्ही मिळून एकच व्यक्ती असते.

६. ओळख आणि साक्ष

आतापर्यंतचा विचार मुख्यतः भावनेच्या वाचनाविषयी झाला. व्यक्ती कोण आहे, हे ओळखण्यात देहाचा वाटा किती, हा प्रश्न व्यवहारदृष्ट्या अधिक गंभीर आहे. ॲलिसन राइस, ॲलिस ओ’टूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये यावर प्रकाश टाकला. चेहरा ओळखणारी संगणकीय यंत्रणा ज्यांबाबत फसली होती, अशा छायाचित्रांच्या जोड्या त्यांनी निवडल्या. दोन्ही चित्रे एकाच व्यक्तीची आहेत की भिन्न व्यक्तींची, हे प्रयुक्तांनी सांगावयाचे होते. संपूर्ण चित्र पाहणाऱ्यांना ते बऱ्याच अंशी जमले. केवळ देह पाहणाऱ्यांनाही जवळजवळ तितकेच जमले. केवळ मुख पाहणाऱ्यांची कामगिरी मात्र निव्वळ अंदाजाच्या जवळ राहिली. तरीसुद्धा संपूर्ण चित्र पाहणाऱ्यांना विचारले असता, आपण मुख्यतः चेहऱ्याच्या वैशिष्ट्यांवरून ओळखले, असेच त्यांनी सांगितले. नेत्रगतीच्या नोंदी मात्र वेगळे सांगत होत्या: चेहरा निरुपयोगी ठरताच त्यांची दृष्टी देहाकडे वळली होती.

आता एखाद्या साक्षीदाराची स्थिती लक्षात घ्यावी. संध्याकाळच्या अंधूक उजेडात, काही हातांच्या अंतरावरून, क्षणभर त्याने पळून जाणारा मनुष्य पाहिला. पुढे ओळख परेडीत तो एकाकडे बोट दाखवितो आणि म्हणतो, ‘मी याचा चेहरा पाहिला.’ तो खोटे बोलत नाही. त्याला तसेच वाटते. परंतु वरील प्रयोग असे दाखवितात की, त्याच्या ओळखीचा खरा आधार खांद्यांची रुंदी, मानेची ठेवण, उंची किंवा अंगलट हा असू शकेल, आणि हे त्याचे त्यालाही ठाऊक नसेल. प्रामाणिकपणा ही ज्ञानाच्या आधाराविषयीची हमी नव्हे.

भारतीय न्यायव्यवहारात ओळख परेडीस मूळ पुराव्याचे स्थान नाही. न्यायालयासमोर केलेल्या ओळखीस पुष्टी देणे एवढेच तिचे कार्य मानले जाते. संशयितासारख्याच दिसणाऱ्या इतर व्यक्ती त्याच्यासमवेत उभ्या कराव्या, हा तिचा पायाभूत नियम होय. या नियमातील ‘सारखे दिसणे’ याचा अर्थ वर्ण, वय, दाढीमिशा इतकाच घेतला तर तो अपुरा ठरेल. परेडीतील इतरांचे चेहरे जुळते असून अंगलट भिन्न असेल, तर साक्षीदाराची निवड देहावरून होईल व ती चेहऱ्याच्या नावे नोंदली जाईल. एखादा निरपराध मनुष्य केवळ त्याच्या बांध्यामुळे गुन्हेगार ठरण्याचा धोका यात आहे. उलटपक्षी, साक्षीदारास नुसती गळ्यापर्यंतची छायाचित्रे दाखविली, तर त्याच्या ओळखीचा खरा आधारच काढून घेतला जातो आणि खरा गुन्हेगारही निसटू शकतो. यास्तव परेडीतील व्यक्तींची उंची व बांधा शक्य तितका जुळता असावा, आणि परेडीपूर्वीच्या जबाबात साक्षीदारास चेहऱ्याबरोबर देह व चाल यांचेही वर्णन स्वतंत्रपणे विचारून नोंदवून घ्यावे, असे या संशोधनाच्या आधारे सुचविता येईल.

केवळ चेहऱ्याच्या चित्रावरून मनुष्याची भावना ओळखण्याचा दावा करणाऱ्या यंत्रांबाबतही हीच सावधगिरी आवश्यक आहे. युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी व शिक्षणसंस्थांत, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, अशा यंत्रांच्या वापरास मनाई केली आहे. मनुष्याला जे केवळ मुखावरून साधत नाही, ते यंत्राला केवळ मुखावरून साधेल असे मानण्यापूर्वी पुराव्याची मागणी करणे उचित होय.

७. पुढील अभ्यासाची दिशा

या विषयाच्या अभ्यासास कोल्हापूर हे विशेष अनुकूल क्षेत्र आहे. कुस्तीत मल्लाचा देह वस्त्रांनी झाकलेला नसतो, निर्णयाचा क्षण निश्चित असतो, आणि विजय-पराजय एकाच चौकटीत, एकाच प्रकाशात घडतो. मल्लांची संमती घेऊन अशा क्षणांची छायाचित्रे जमविली, त्यांचे मुख, देह व संपूर्ण चित्र असे तीन संच केले आणि ते निरनिराळ्या गटांना दाखविले, तर टेनिसच्या मैदानावर आढळलेला नियम लाल मातीतही टिकतो काय, याची परीक्षा होईल. कुस्तीचे जाणकार व कुस्ती कधी न पाहिलेले असे दोन गट घेतल्यास आणखी एका प्रश्नाचा निर्णय लागेल: अनुभवाने चेहरा वाचण्याची शक्ती वाढते, की देह वाचण्याची? तालमीत वर्षानुवर्षे बसलेला वस्ताद शिष्याची उमेद त्याच्या उभे राहण्यावरून ओळखतो, असा लौकिक आहे. तो मोजून पाहता येण्याजोगा आहे.

सारांश, चेहरा हे स्वयंपूर्ण पुस्तक नव्हे. भावना तीव्र असो वा मुद्रा संदिग्ध असो, चेहऱ्याचा अर्थ देह ठरवितो. तो विचाराने मागाहून नव्हे, तर पाहण्याच्या पहिल्या क्षणापासून ठरवितो. आणि पाहणाऱ्यास याचा पत्ता लागत नाही. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. दुसऱ्याविषयी निर्णय देण्याचा प्रसंग ज्याच्यावर येतो, मग तो न्यायाधीश असो, वैद्य असो वा शिक्षक असो, त्याने ‘मला चेहऱ्यावरून कळले’ असे म्हणण्यापूर्वी आपण नेमके काय पाहिले, हा प्रश्न स्वतःस एकदा विचारावा, इतका बोध या संशोधनातून निश्चितपणे घेता येतो.